विश्वासू, पुरुष, मध्यमवयीन

आमच्या ह्यांच्या घशातली गाठ वाईट निघाली. स्वरयंत्र काढण्यावाचून इलाज नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ह्यांनी विचारलं, "मग गिऱ्हाइकांशी भांडणार कोण?" डॉक्टर हसले नाहीत.

बाजारात ह्यांना सगळे भोंगा म्हणत, अगदी तोंडावर. आवाजच तसा होता, खणखणीत, पण कानाला टोचायचा नाही. गर्दीत कुणाचं पोर चुकलं, कुणाचं पाकीट सापडलं, की बाजार समितीची माणसं माइक आणून ह्यांच्या हातात द्यायची. "घाबरू नका, निळ्या स्वेटरमधली मुलगी आमच्या दुकानात आहे, बिस्कीट खातेय," असं हे सांगायचे आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला तिच्या आईचा जीव भांड्यात पडायचा.

आमचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर. अर्ध्या भागात ह्यांचं किल्ल्या कापायचं मशीन, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि कुलपं. उरलेल्या अर्ध्यात माझा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि झेरॉक्स. कुलूपवाल्याचा धंदा हा निम्मा हाताचा आणि निम्मा तोंडाचा. लोक घराची किल्ली त्याच्या हातात देतात आणि पाठ फिरवून भाजी आणायला जातात. ते किल्ली नुसत्या मशीनवर टाकून जात नाहीत, माणसावर टाकून जातात.

माणसाचा आवाज साठवून ठेवणारं एक ॲप लेकीने शोधून काढलं. ती एका विमा कंपनीत नोकरी करते, चार लोकांत ऊठबस आहे. ऑपरेशनच्या आधी माणसाने काही वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची, मग पुढे टॅबलेटवर जे टाइप करू ते त्याच्याच आवाजात ऐकू येतं. आम्ही झोपायच्या खोलीत पंखा बंद केला. आवाज घुमू नये म्हणून कपाटाची दारं उघडी टाकली, आणि हे कपड्यांकडे तोंड करून वाचायला बसले.

"आजचे हवामान अत्यंत आल्हाददायक आहे," ह्यांनी वाचलं आणि थांबले. "असं कोण बोलतं? मी उद्या असं बोललो तर लोक विचारतील, ऑपरेशन घशाचं झालं की डोक्याचं?"

"बाबा, वाचा हो. त्यांना त्यातली अक्षरं हवीयेत, अर्थ नकोय," लेक म्हणाली.

वाचलं. घसा दुखत होता तरी वाचलं. मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते. ग्रंथालयाचा रस्ता, आगगाडीची वेळ, टेबलावरची सफरचंदं. इतक्या वर्षांत ह्या माणसाच्या तोंडून असं शुद्ध, गुळगुळीत काही ऐकलं नव्हतं, आणि तेवढ्यासाठीही माझे डोळे भरून आले.

ऑपरेशननंतर हॉस्पिटलने एक यंत्रही दिलं होतं. दाढीच्या मशीनएवढं, गळ्याला लावून बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. त्यातून डब्यात माशी अडकल्यासारखा आवाज येतो. ह्यांनी ते एकदा लावून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि खणात टाकून दिलं. हवंय कशाला? टॅबलेट होता ना.

टॅबलेटने आमचं घर परत लावलं, हे मला कबूल आहे. हे एका बोटाने टाइप करायचे. विनोद जागच्या जागी सुचायचा, पण टाइप होईपर्यंत गप्पा पुढे गेलेल्या असायच्या. कुणीतरी सासऱ्यांच्या आजारपणाचं सांगत असायचं आणि मध्येच ह्यांचा मघाचा विनोद ठणकन पडायचा. आम्ही त्यालाच हसायचो. गिऱ्हाइकांनाही सवय झाली. किल्ली कापून झाली की टॅबलेट म्हणायचा, "अडकली तर परत या, दाराशी भांडू नका." आवाज तोच. मी पाठमोरी झेरॉक्स काढत असले की क्षणभर विसरून जायचे.

मग एका सकाळी नर्सबाई आल्या. आमच्या मागच्या गल्लीत राहतात, आता निवृत्त आहेत, एकट्याच असतात. हे हॉस्पिटलातून घरी आल्यावर श्वासासाठी गळ्याला पाडलेलं भोक कसं साफ ठेवायचं हे त्यांनीच मला शिकवलं होतं. आल्या त्या माझ्याकडे न बघता सरळ ह्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

ह्यांनी मशीन बंद केलं.

"माझ्या दाराला कुलूप तुम्हीच बसवलं. आणि आता तुम्हीच फोन करून सांगता, की ते कुणीही उघडेल? दाराला टेबल लावून रात्र काढली मी."

"अहो, ह्यांना बोलता येत नाही, हे फोन कुठून करणार?" मी म्हणाले.

"टॅबलेट बोलतो ना वहिनी. रोज ऐकते की मी."

त्यांच्या फोनवर येणारा प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो. त्यांनी तो काउंटरवर ठेवला आणि लावला.

"नमस्कार. तुमच्या काळजीपोटी बोलतोय. तुमच्या परिसरात घरफोड्या वाढल्या आहेत. एकट्या राहणाऱ्यांवर पाळत ठेवली जाते. तुमच्या दाराचं कुलूप चोराला थोपवू शकणार नाही. आजच घराला कॅमेरा बसवा. अधिक माहितीसाठी एक दाबा."

आवाज ह्यांचाच होता. चुलतभाऊ शोभेल असा नाही, ह्यांचाच. 'काळजीपोटी' म्हणताना हे 'ळ'वर जरासे रेंगाळतात, तेसुद्धा होतं. ह्यांनी टॅबलेट पुढे ओढला आणि टाइप केलं.

"मी नाही," टॅबलेट म्हणाला.

त्याच आवाजात. नर्सबाईंनी एकदा टॅबलेटकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे, आणि फोन पर्समध्ये टाकून निघून गेल्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही विश्वास ठेवला नसता.

पुढच्या दिवसांत कळलं की तो फोन अर्ध्या बाजाराला गेला होता. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण समोरचा किराणावाला, जो वर्षानुवर्षं किल्ली टाकून जायचा, तो आता काउंटरला चिकटून उभा राहिला. मशीनमधून किल्ली निघेपर्यंत हात पुढे धरून. ह्यांनी त्याच्या तळहातावर दोन्ही किल्ल्या ठेवल्या आणि मान खाली घातली. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चोरी न करता चोर ठरायचं, आणि साक्ष कुणाची, तर आपल्याच आवाजाची.

त्या फोनमध्ये एक दाबायला सांगितलं होतं ना, माझ्या नंबरवर तो आला तेव्हा मी दाबला. पत्ता मिळाला, पुलापलीकडच्या रस्त्यावरचं कॅमेऱ्यांचं दुकान. लेकीने सुट्टी काढली आणि आम्ही तिघं गेलो.

दुकानदार तिशीतला, गोड बोलणारा. आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मला वाटलं होतं कुणी तरी मवाली असेल. तसा असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. त्याने सगळं ऐकलं आणि कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला.

"काका, मी कुणाचा आवाज चोरला नाही. ही बघा, ही सेवा आहे. मजकूर टाकायचा, यादीतला आवाज निवडायचा, फोन आपोआप जातात. माझ्यासारखे सगळेच वापरतात."

यादीत नावं नव्हती. 'विश्वासू, पुरुष, मध्यमवयीन' असं लिहिलं होतं, आणि बाजूला नमुना ऐकायचं बटण. त्याने ते दाबलं.

"आजचे हवामान अत्यंत आल्हाददायक आहे."

हे खुर्चीतून उठले. कपाटातल्या कपड्यांकडे तोंड करून, दुखत्या घशाने वाचलेलं ते वाक्य ह्या परक्या दुकानात, कॅमेऱ्यांच्या खोक्यांमध्ये वाजत होतं.

"आपल्या भाषेत चांगले आवाज आहेतच किती काकू?" दुकानदार सांगत होता. "बाकीचे चावीच्या बाहुलीसारखे बोलतात. हा खरा वाटतो."

"खराच आहे तो," मी म्हणाले. "त्याचा मालक तुमच्यासमोर उभा आहे."

ह्यांनी उभ्या उभ्या टाइप केलं. टॅबलेट बोलला तशी दुकानातली दुसरी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "त्या बाई एकट्या राहतात हे तुला कसं कळलं?"

"नाही हो काका, सगळ्यांना तोच मजकूर जातो. तो पण तयार मिळतो." आणि मग अगदी सहज म्हणाला, "घाबरवलं की विक्री होते ना."

त्याने आपले फोन तिथल्या तिथे बंद केले, ह्यांच्या पायाही पडायला निघाला होता. पण यादी त्याची नव्हती. आमच्या ॲपवाल्या कंपनीला दुसऱ्या कंपनीने विकत घेतलं होतं आणि ही यादी त्या दुसरीची होती.

दुकानात परत येऊन लेकीने त्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला, स्पीकरवर, काउंटरवर ठेवून. घंटी वाजली, आणि पलीकडून माझा नवरा बोलायला लागला.

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा."

लेकीचा हात तोंडावर गेला. ह्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात, पण हे हसत होते, बिनआवाजी. स्वतःच्याच आवाजाने स्वतःला ताटकळत ठेवलेला माणूस जगात दुसरा नसेल. मग थोड्या वेळाने ते वाक्य परत आलं, परत आलं, आणि हसू कुठल्या कुठे गेलं. फोन कुणी उचललाच नाही. शेवटी ह्यांनी लाल बटण दाबून स्वतःला गप्प केलं.

लेखी उत्तर आलं ते फार सभ्य होतं. आपण अटी मान्य केल्या आहेत. त्यानुसार नमुना कंपनीच्या इतर सेवांसाठी वापरता येतो. आपल्याला संमती मागे घ्यायची असल्यास आवाज सर्व ठिकाणांहून कायमचा पुसला जाईल, आपल्या खात्यातूनही. पुन्हा मिळवता येणार नाही. आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो.

"म्हणजे चोर म्हणतो, चोरी थांबवायची असेल तर तुमचं घर पाडतो," मी म्हणाले.

लेक खाली बघत होती. "आई, ते 'मान्य' मी दाबलं होतं."

"न दाबून काय करणार होतीस? त्याशिवाय ते पुढे सरकतच नव्हतं. उद्या ऑपरेशन आणि आज अटी वाचत बसायचं? त्यांना ठाऊक असतं, माणूस कुठल्या घडीला सही करतो ते."

ह्यांनी टॅबलेट ओढला. "पुसून टाक."

"काही नाही पुसायचं," मी म्हणाले.

"माझ्या आवाजात लोकांना घाबरवतात. मी सगळी हयात 'घाबरू नका' सांगितलं."

"ते मला सांगू नका. आपण भांडू त्यांच्याशी. पण पुसायचं नाही."

"आवाज माझा आहे."

"तुमचा एकट्याचा?" माझा तोल गेला. "तुम्हाला स्वतःला कधी ऐकू आला होता का तो? जन्मभर ऐकला मी. सकाळी उठल्यापासून. तुम्ही तो वापरलात, सांभाळला मी. आणि आज मला न विचारता टाकून देताय?"

ह्यांचं बोट पडद्यावर तसंच थांबलं. मग टाइप न करताच हे बाहेर जाऊन पायरीवर बसले. लेक आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली, लहानपणी राहायची तशी.

मी ह्यांना चार-पाच दिवस टोलवलं. पण रोज कुणीतरी यायचं. एकाला पोस्टाच्या नावाने फोन आला होता, एकाला पाण्याच्या फिल्टरचा, 'तुमच्या नळातून विष येतंय' म्हणून. एक म्हातारे गृहस्थ तर खास आभार मानायला आले. भोंगासाहेबांनी सांगितलं म्हणून औषध मागवलं, गुडघ्यांना गुण आहे म्हणाले. त्यांना काय सांगणार? ते गेल्यावर ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली आणि झेरॉक्समध्ये कागद भरत बसले. त्या दुपारी, मी जेवायला घरी गेले असताना, ह्यांनी ते केलं.

परत आले तेव्हा टॅबलेट काउंटरवर उघडा होता. पडद्यावर आलं होतं, 'तुम्ही निघालात याचं वाईट वाटतं. आमच्या सेवेला किती तारे द्याल?'

मी ओरडले नाही. मी बोललेच नाही. एक माणूस मुका आणि दुसऱ्याने तोंड शिवलेलं, अशा घरात भांडी फार आपटतात. लेकीचा रोज फोन यायचा, मी "ठीक आहे" म्हणायचे आणि ठेवायचे. मला राग कंपनीचा होता की ह्यांचा, हे मलाच सांगता आलं नसतं. कंपनी समोर नव्हती, हे समोर होते, तेव्हा वाट्याला ह्यांच्याच आला.

मग एकदा प्रिंटरमध्ये कागद अडकला. मी तो ओढतेय, तो फाटतोय, आणि मागून कुणीतरी गुरगुरलं. वळून बघते तर ह्यांनी ते हॉस्पिटलचं यंत्र गळ्याला लावलेलं.

"मा-गचं. झा-कण. उ-घड."

ऐकायला भयंकर होतं. ना चढ ना उतार.

"कळतं मला," मी म्हणाले.

"क-ळतं. तर. फा-डतेस. का."

हा प्रश्न मात्र अगदी ह्यांचाच होता. मी मागचं झाकण उघडलं. आमचं बोलणं असं परत सुरू झालं, भांडणानेच.

गिऱ्हाइकांना पहिल्यांदा दचकायला झालं, मग सवय झाली. नर्सबाईंना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्या आल्या, ह्यांच्या हातातलं यंत्र काढून घेतलं आणि ते गळ्यावर नेमकं कुठे दाबलं की शब्द सुटे येतात हे दाखवत बसल्या. माफीबिफी कुणी मागितली नाही.

ह्यांच्या दृष्टीने ते प्रकरण तिथे मिटलं होतं. माझ्या दृष्टीने नाही. लेकीने आणि मी ग्राहक मंचाकडे तक्रार केली. नर्सबाईंचं रेकॉर्डिंग जोडलं, कॅमेरेवाल्याने स्वतःहून साक्ष द्यायचं कबूल केलं. तारखा पडत राहिल्या. कंपनीकडून एक वकीलबाई यायच्या, दर वेळी "कशा आहात?" विचारायच्या.

शेवटी एका तारखेला त्या अध्यक्षांसमोर उठून म्हणाल्या, "आमच्या अशिलाला तक्रारदारांविषयी सहानुभूती आहे. तक्रार मागे घेतली, तर सद्भावना म्हणून आम्ही त्यांचा आवाज त्यांना परत द्यायला तयार आहोत. त्यांच्या टॅबलेटवर, कायमसाठी."

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. खोटं कशाला बोलू, पहिलं जे वाटलं ते हेच, की हो म्हणावं. संध्याकाळी घरी जावं आणि तो आवाज ऐकावा. मी ह्यांच्याकडे पाहिलं.

ह्यांनी यंत्र गळ्याला लावलं. "तु-ला. ह-वाय. का?"

विचारलं एवढंच. निर्णय माझ्यावर टाकला. मघापासून माझ्या तोंडात 'हो' होतं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"परत देणार म्हणजे कुठून देणार?" मी वकीलबाईंना विचारलं. "तो तर पुसलाय ना तुम्ही? सगळीकडून? कायमचा?"

त्यांनी कागद चाळले. "तांत्रिक कारणांसाठी एक प्रत..."

"साहेब," मी अध्यक्षांना म्हणाले, "ह्या आत्ता काय बोलल्या ते लिहून घ्या. शब्दन् शब्द लिहून घ्या. ह्या माणसाने लोकांना फसवलं जाऊ नये म्हणून स्वतःच्या हाताने स्वतःचा आवाज पुसला. मी महिनाभर त्याच्याशी बोलले नाही. आणि तो आवाज ह्या कंपनीकडे पडून आहे. आम्हाला मिळत नाही, कंपनीला मिळतो."

माझा आवाज चढला होता. अध्यक्षांनी मला बसायला सांगितलं नाही. त्यांनी टंकलेखकाकडे पाहिलं आणि मान हलवली, तसा तो लिहायला लागला.

बाहेर आल्यावर मी जिन्याजवळच्या बाकावर बसले आणि रडले. हे शेजारी बसून राहिले. यंत्र खिशात होतं, ते बाहेर काढलं नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला. सगळ्या प्रती नष्ट करा, तसं शपथेवर सांगा, लेखी माफी मागा. कंपनीने वरच्या मंचाकडे दाद मागितली आहे, त्यामुळे माफी अजून यायची आहे. यादीतून मात्र तो आवाज ह्यांनी पुसला तेव्हाच निघाला होता. निकालानंतर कॅमेरेवाला यादी पुन्हा बघून मुद्दाम सांगायला आला. "काका, तुमचा गेला तो गेलाच," म्हणाला, आणि मग ओशाळून पुढे म्हणाला, "त्या जागी आता दुसरा आलाय. 'प्रेमळ, स्त्री, ज्येष्ठ'."

ती कोण असेल, कुणी तिच्याकडून काय म्हणून वाचून घेतलं असेल, तिच्या घरच्यांना ठाऊक तरी असेल का, ह्याचा शोध लेक घेतेय. आम्ही तिघांनी ठरवलंय, सापडली तर आमचे सगळे कागद तिला द्यायचे.

धंदा पुन्हा पहिल्यासारखा आहे. किराणावाला किल्ली टाकून जातो. पण अनोळखी नंबरचा फोन आला की लोक ऐकताच बंद करतात, तसं मला जमत नाही. कर्ज असो, विमा असो, फिल्टर असो, पलीकडे पुरुषाचा आवाज असला की मी शेवटपर्यंत ऐकते. हे मशीनवरून मान वर करून बघतात. मी मान हलवून 'नाही' सांगते, आणि मगच फोन ठेवते.